पीसीओएस असताना मूल हवं असेल तर

(स्त्री-आरोग्याच्या व्याख्यानमालेतल्या एका व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांच्या काही प्रश्नांची उत्तरं आहेत.)

ओपीडीत एक वाक्य मला जवळजवळ रोज ऐकू येतं. मुलगी खुर्चीत नीट बसलेलीही नसते, तोवर तिची आई किंवा सासूबाई म्हणतात, ‘डॉक्टर, हिला पीसीओडी आहे. मूल होईल ना?’ कधीकधी त्या मुलीचं लग्नसुद्धा ठरलेलं नसतं.

उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांतपणे ऐकाल. बहुतेकींना मूल होतं. काहींना काहीही न करता, काहींना पाच दिवसांच्या गोळ्यांनी, थोड्याजणींना त्याहून मोठे उपचार घेऊन. मग मी इथे तासभर बोलणार कशाबद्दल? तर मधल्या काळात जी वर्षं वाया जातात, त्यांच्याबद्दल. माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांचं खरं नुकसान या आजाराने जितकं होतं, त्याहून जास्त चुकीच्या हिशोबाने होतं. तो हिशोब आज आपण नीट मांडू.

आधी नावाचा घोळ

पीसीओएस म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. आपल्याकडे पीसीओडी हे नाव जास्त चालतं. इंटरनेटवर तुम्ही वाचलं असेल, की पीसीओडी साधं असतं आणि पीसीओएस गंभीर. असा काही फरक वैद्यकशास्त्र मानत नाही. एकाच गोष्टीची दोन नावं आहेत, त्यामुळे ‘मला फक्त पीसीओडी आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका आणि कागदावर ‘सिंड्रोम’ लिहिलंय म्हणून रडूही नका.

दुसरा घोळ ‘सिस्ट’ या शब्दाचा. सोनोग्राफीच्या रिपोर्टात तो दिसला की घरी निरोप जातो, ‘हिच्या बीजकोशात गाठी आहेत.’ मग कुणीतरी विचारतं, ऑपरेशन करून काढून टाकता येतील का? अहो, त्या गाठी नाहीतच. प्रत्येक बाईच्या बीजकोशात बारीक बारीक पाण्याच्या पिशव्या असतात, आम्ही त्यांना फॉलिकल म्हणतो, आणि प्रत्येकीत एक स्त्रीबीज असतं. दर महिन्याला त्यांतलं एखादं फॉलिकल वाढत वाढत १८-२० मिलिमीटरचं होतं, फुटतं आणि बीज बाहेर पडतं. पीसीओएसमध्ये ही फॉलिकल पाच-सात मिलिमीटरपर्यंत येऊन अडकतात. एक कुणी पुढे जात नाही आणि सगळी तिथेच गर्दी करून राहतात. दादरच्या पुलावर सकाळी नऊ वाजता जसं होतं तसं. सोनोग्राफीत दिसते ती ही गर्दी. म्हणजे बीजं कमी पडलेली नाहीत, उलट जरा जास्तच आहेत. फक्त सुटत नाहीत.

१९३५ साली शिकागोत स्टाइन आणि लेव्हेन्थल या दोन डॉक्टरांनी अशा सात बायकांची हकिकत प्रसिद्ध केली. पाळी येत नाही, अंगावर केस, बीजकोश मोठे झालेले. त्यांनी बीजकोशाची पाचरीसारखी फोड कापून काढली. सातहीजणींची पाळी सुरू झाली आणि दोघींना दिवस राहिले. तेव्हापासून सगळ्यांचं लक्ष बीजकोशावर खिळलं, आणि नावही तेच पडलं. आज आपल्याला माहीत आहे की मूळ बिघाड बराचसा बीजकोशाबाहेरचा आहे. अनेकजणींच्या शरीरात इन्सुलिन असतं, पण ते नीट लागू पडत नाही, म्हणून शरीर आणखी इन्सुलिन तयार करतं. हे जादा इन्सुलिन बीजकोशाला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं, आणि त्या वातावरणात फॉलिकल पुढे वाढत नाही. मानेवर, काखेत काळपट मखमली पट्टा दिसतो ना? आई म्हणते, मान नीट घासत नाहीस. तो मळ नसतो. वाढलेल्या इन्सुलिनची ती खूण असते, आणि घासून जात नाही.

निदानासाठी २००३ साली रॉटरडॅमला तज्ज्ञांनी तीन निकष ठरवले: पाळी अनियमित असणं, पुरुषी हार्मोन जास्त असल्याची लक्षणं किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीत ती गर्दी. तिनांपैकी दोन हवेत, आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिन वगैरे दुसरी कारणं नाहीत हे तपासलेलं हवं. म्हणजे पाळी दर महिन्याला वेळेवर, चेहऱ्यावर काही नाही, आणि दुसऱ्याच कुठल्या कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ‘पीसीओ’ लिहून आलं, तर तुम्हाला पीसीओएस नाही. हे सांगितल्यावर काहीजणी माझ्यासमोर अक्षरशः सुटकेचा श्वास सोडतात. दोन-दोन वर्षं तो कागद पर्समध्ये घेऊन फिरलेल्या असतात.

महिने मोजायचे की बीजं?

आता मुख्य हिशोब.

जिची पाळी अठ्ठावीस दिवसांची, तिचं वर्षातून साधारण तेरा वेळा बीज सुटतं. तरुण, निरोगी जोडप्याला प्रत्येक वेळी दिवस राहण्याची शक्यता पंचवीस टक्क्यांच्या आसपास किंवा थोडी कमी. म्हणून वर्षभरात शंभरातल्या ऐंशी-पंच्याऐंशी जोडप्यांना दिवस राहतात, आणि म्हणूनच आम्ही म्हणतो, ‘वर्षभर प्रयत्न करा, मग या.’ बाईचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिने.

पण जिला पाळी साठ-सत्तर दिवसांनी येते तिचं काय? तिला वर्षात पाच किंवा सहा संधी, त्याही प्रत्येक पाळीत बीज सुटलंय असं धरलं तर. तशी खात्री नसतेच, कारण बीज न सुटताही रक्तस्राव होऊ शकतो. या मुलीने दोन वर्षं वाट पाहिली तरी तिच्या वाट्याला दहा-बारा संधी आल्या, म्हणजे इतर बाईच्या एका वर्षापेक्षाही कमी. आणि घरात मात्र बोललं जातं, ‘दोन वर्षं झाली, काही होत नाही.’

यातून दोन गोष्टी निघतात, आणि दोन्ही लक्षात ठेवा. एक, ती वांझ नाही. तिला संधीच कमी मिळाल्या आहेत. दोन, ‘वर्षभर वाट बघा’ हा नियम तिच्यासाठी नाही. पाळी पस्तीस दिवसांच्या पुढे जाते, वर्षात आठपेक्षा कमी वेळा येते आणि मूल हवंय, तर ठरवलं त्या महिन्यातच डॉक्टरांकडे जावं. वय मात्र वाट बघत नाही. पीसीओएसवालीकडे बीजांचा साठा बरा असतो हे खरं, पण बीजाचा दर्जा वयाप्रमाणे उतरतो, तो तिचाही उतरतो.

आता ‘पाळी आणायच्या गोळी’बद्दल. पाळी आली नाही की मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या आणायच्या, त्या थांबवल्या की रक्तस्राव होतो, आणि बाईला वाटतं, चला, उपचार सुरू आहे. वर्ष-दीड वर्ष हे चालू असलेल्या बायका मी बघते. या गोळीत प्रोजेस्टेरॉन असतं. त्याने गर्भाशयाचं अस्तर पडून जातं. ते काम गरजेचं आहे, कारण महिनोन्महिने अस्तर साचत राहणं चांगलं नाही. पण त्याने बीज सुटत नाही. कॅलेंडरवर पाळीच्या बारा खुणा असतील आणि संधी शून्य! आणि हो, ही गोळी घेण्यापूर्वी प्रत्येक वेळी लघवीची टेस्ट करा. पाळी लांबते ती नेहमीचीच, असं समजून तीन महिन्यांची गरोदर बाई पाळीची गोळी मागायला येते, असं होतं.

मग बीज सुटतं कधी? इथे मोबाइलवरची ॲप घोटाळा करतात. बीज सुटल्यापासून पुढची पाळी यायला साधारण चौदा दिवस लागतात. हा मागचा भाग बऱ्यापैकी ठरलेला असतो, लांबतो तो पुढचा. पंचेचाळीस दिवसांची पाळी असेल तर बीज एकतिसाव्या दिवसाच्या आसपास सुटलेलं असणार. आणि घरोघरी सल्ला काय, तर ‘बाराव्या ते सोळाव्या दिवशी एकत्र राहा’. त्या बिचाऱ्या मुलीने तीन महिने तेच केलं, तर तिची संधी प्रत्येक वेळी पंधरा दिवस पुढे निघून गेलेली असते.

हीच गंमत रक्ताच्या तपासणीची. बीज सुटलं का हे बघायला ‘एकविसाव्या दिवसाचं’ प्रोजेस्टेरॉन तपासतात. एकविसावा दिवस अठ्ठावीस दिवसांच्या पाळीसाठी आहे. तपासणी पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी व्हायला हवी, म्हणजे पंचेचाळीसवालीची अडतिसाव्या दिवसाच्या आसपास. चुकीच्या दिवशी केलेला रिपोर्ट कमीच येणार. आणि मेडिकलमध्ये लघवीवरच्या ज्या पट्ट्या मिळतात, त्या एलएच नावाचं हार्मोन बघतात. पीसीओएसमध्ये ते मुळातच वाढलेलं असू शकतं. पट्टी चार-चार दिवस ‘हो’ म्हणत राहते आणि बीज सुटलेलं नसतं. त्या पट्ट्यांवर पैसे घालू नका असं मी सरळ सांगते.

त्यापेक्षा सोपं काय? शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत टिकतात, बीज जेमतेम दिवसभर. दर दोन-तीन दिवसांनी संबंध आले, तर तारीख शोधत बसायची गरज उरत नाही. तारखेवर आणि हुकमावर संबंध ठेवायला लागलं की नवरा-बायकोत काय होतं, हे मी वेगळं सांगायला नको.

उपचाराआधी

सगळ्यात आधी नवऱ्याची वीर्यतपासणी. हे मी मोठ्याने सांगते कारण मला याचा राग येतो. बाईला पीसीओएस आहे हे कळलं, की सगळ्यांना कारण सापडल्यासारखं वाटतं. मग तिच्या सोनोग्राफ्या, तिच्या नळ्यांची तपासणी, क्वचित दुर्बिणीचं ऑपरेशनसुद्धा होऊन जातं आणि तिसऱ्या वर्षी कुणाला तरी आठवतं, की याची साधी तपासणी राहिलीच. मूल न होणाऱ्या जोडप्यांत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक ठिकाणी पुरुषाच्या बाजूचंही काही कारण असतं. बायकोला पीसीओएस आहे म्हणून नवऱ्याचे शुक्राणू आपोआप चांगले होत नाहीत. दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवून नमुना द्यायचा, सुई नाही, भूल नाही. ‘आमच्याकडे कुणाला असलं काही नाही’ हे वाक्य तपासणीच्या जागी चालत नाही.

तिच्यासाठी थायरॉइड, प्रोलॅक्टिन, रक्तदाब, आणि साखर. साखर शक्यतो पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी बघायची, नुसत्या उपाशीपोटीच्या तपासणीत पीसीओएसमधली सुरुवातीची गडबड निसटते. फॉलिक ॲसिडची गोळी आत्तापासून सुरू करायची, दिवस राहिल्यावर नाही.

आणि बाकीच्या औषधांची पिशवी डॉक्टरांपुढे रिकामी करा. पीसीओएसच्या मुली त्वचेच्या डॉक्टरांकडूनही औषध घेत असतात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन, केसांसाठी स्पायरोनोलॅक्टोन. आयसोट्रेटिनॉइनने बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं, ते थांबवून किमान एक महिना गेल्याशिवाय प्रयत्न करायचा नाही. स्पायरोनोलॅक्टोनही आधी बंद. त्वचेच्या डॉक्टरांना तुमचा मुलाचा बेत माहीत नसतो आणि मला तुमची मुरुमांची गोळी माहीत नसते. दोघांना सांगणाऱ्या तुम्हीच.

वजनाबद्दल बोलायलाच हवं, पण जपून. वजन जास्त असेल तर पाच ते दहा टक्के कमी झालं तरी अनेकींची पाळी सुधारते. म्हणजे ऐंशी किलोच्या बाईने चार ते आठ किलो. पंचावन्नवर येण्याची काही गरज नाही. पण ‘आधी वजन कमी कर, मग बघू’ असं म्हणून तिला घरी पाठवायचं, आणि दोन वर्षांनी ती तेवढ्याच वजनाची आणि दोन वर्षांनी मोठी होऊन परत यायची, हे मला मान्य नाही. ज्या बिघाडामुळे पाळी अडते, त्याचाच वजन वाढण्याशीही संबंध आहे. तिला आळशी ठरवणं सोपं आहे. तिशीच्या पुढे असाल तर दोन्ही गोष्टी बरोबरीने चालू द्या. आणि सडपातळ मुलींनाही पीसीओएस असतो. त्यांना ‘जिम लाव’ म्हणण्यात काही अर्थ नाही.

खाण्याचं एकच सांगते. महागडं डाएट नको. भाकरी, उसळ, वरण, पालेभाजी, अंडी, मासे, जे घरात चालतं ते. पण संकष्टी, गुरुवार, एकादशी असे उपास आणि त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाटा, वर वेफर्स, हा प्रकार इन्सुलिनच्या दृष्टीने उपास होत नाही. श्रद्धा तुमची. साबुदाणा बदलता येतो, दही-फळं-शेंगदाणे-राजगिरा आहेतच.

‘मला कॅन्सरची गोळी का दिली?’

बीज सुटावं म्हणून आज जगभर पहिली पसंती ज्या औषधाला आहे, त्याचं नाव लेट्रोझोल. आणि आमच्या बायका घरी जाऊन ते नाव मोबाइलवर शोधतात. पहिलीच ओळ येते, स्तनांच्या कर्करोगावरचं औषध. रात्री अकराला मेसेज येतो, ‘मॅडम, मला कॅन्सर आहे का?’

नाही. औषधाचं काम समजून घ्या. लेट्रोझोल शरीरात इस्ट्रोजेन तयार होणं काही दिवस कमी करतं. स्तनांच्या काही कर्करोगांना इस्ट्रोजेन खतासारखं असतं, म्हणून तिथे ते वर्षानुवर्षं देतात. आपण देतो फक्त पाच दिवस, पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून. इस्ट्रोजेन उतरलं की मेंदूला वाटतं, बीजकोश काम करत नाही, आणि तो एफएसएच नावाचं हार्मोन जास्त सोडतो. त्या धक्क्याने अडकलेल्या गर्दीतून एक फॉलिकल पुढे निघतं. गोळी तोवर शरीरातून बरीचशी निघून गेलेली असते.

याची भारतातली हकिकत सांगण्यासारखी आहे. २००५ मध्ये कॅनडातल्या एका गटाने एका परिषदेत सांगितलं, की लेट्रोझोलने झालेल्या दीडशे बाळांमध्ये व्यंगं जास्त दिसतात. तुलना मात्र सर्वसाधारण, वयाने तरुण आयांच्या बाळांशी केलेली होती. पुढच्याच वर्षी कॅनडातूनच ९११ बाळांचा अभ्यास आला. त्यात लेट्रोझोलची बाळं आणि जुन्या क्लोमिफिन या गोळीची बाळं अशी योग्य तुलना होती, आणि लेट्रोझोलने व्यंगं वाढल्याचं दिसलं नाही. तरी २०११ मध्ये आपल्या सरकारने मूल होण्यासाठीच्या वापरावर बंदी घातली. ती उठली २०१७ मध्ये. मधल्या काळात, म्हणजे २०१४ मध्ये, अमेरिकेत पीसीओएसच्या ७५० बायकांवर मोठी चाचणी झाली. जास्तीत जास्त पाच पाळ्या उपचार. क्लोमिफिन घेतलेल्यांपैकी १९.१ टक्क्यांना बाळ झालं, लेट्रोझोलवाल्यांपैकी २७.५ टक्क्यांना. जगात हा निकाल आला तेव्हा आपल्याकडे ती गोळी या कामासाठी लिहिता येत नव्हती. त्या सहा वर्षांतल्या कुणी मावशी-आत्या तुम्हाला म्हणाल्या, ‘ती बंदी घातलेली गोळी आहे’, तर त्यांचं ऐकीव अगदीच खोटं नाही. जुनं आहे.

२७ टक्के कमी वाटले का? त्या चाचणीतल्या बायकांचं वजन सरासरीने बरंच जास्त होतं, आणि हा पाचच पाळ्यांचा हिशोब आहे. एका पाळीत दिवस राहिले नाहीत म्हणजे गोळी वाया गेली असं नसतं. बीज सुटलं का, हे आधी बघायचं. सुटलं असेल तर तुम्ही इतर कुठल्याही बाईच्या रांगेत आलात, आणि तिलाही दर महिन्याला दिवस राहत नाहीत. सुटलंच नसेल तर डोस वाढवायचा. आमच्याकडे ज्याला फॉलिक्युलर स्टडी म्हणतात, ती सोनोग्राफी यासाठीच असते. पहिल्या पाळीत ती जरूर करावी. फॉलिकल एक आहे की तीन, तेही कळतं, कारण जुळं-तिळं राहणं ही हौसेची गोष्ट नाही.

मेटफॉर्मिनचं काय? ती इन्सुलिनची बाजू सांभाळते, साखर वाढलेली असेल तर हवीच. पण एकट्या मेटफॉर्मिनवर मूल होण्याची वाट बघू नका. २००७ च्या ६२६ बायकांच्या चाचणीत नुसत्या मेटफॉर्मिनने ७.२ टक्क्यांना बाळ झालं, नुसत्या क्लोमिफिनने २२.५ टक्क्यांना.

गोळ्यांनी नाही झालं तर

पुढची पायरी म्हणजे एफएसएचची इंजेक्शनं, अगदी कमी डोसपासून, सोनोग्राफीच्या पहाऱ्यात. दुसरा रस्ता दुर्बिणीतून बीजकोशाला काही ठिकाणी चटके देण्याचा, ज्याला ड्रिलिंग म्हणतात. १९३५ च्या त्या फोडीचा तो आजचा नातू. गोळ्यांना दाद न देणाऱ्या निवडक बायकांत त्याचा उपयोग होतो. पण गोळी एकदाही न देता थेट ड्रिलिंग सुचवलं, तर ‘का?’ असं नक्की विचारा. जास्त चटके दिले तर चांगली बीजंही जातात.

आणि मग आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी. नळ्या उघड्या आहेत, वीर्य चांगलं आहे, तर पीसीओएससाठी हा पहिला उपचार नाही. मात्र करायची वेळ आलीच तर एक धोका माहीत हवा. पीसीओएसच्या बीजकोशात गर्दी असते, इंजेक्शन दिलं की सगळीच फॉलिकल वाढायला लागतात. पोटात पाणी होतं, रक्त घट्ट होतं, क्वचित अतिदक्षता विभागात न्यावं लागतं. चीनमध्ये १,५०८ बायकांवर झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लगेच गर्भ सोडण्याऐवजी सगळे गर्भ गोठवून पुढच्या पाळीत सोडले, तेव्हा हा त्रास ७.१ टक्क्यांवरून १.३ टक्क्यांवर आला, आणि बाळ होण्याचं प्रमाणही वाढलं. म्हणून डॉक्टर ‘गर्भ गोठवू, महिनाभर थांबू’ म्हणाले, तर ते बिल वाढवतायत असा संशय लगेच घेऊ नका. केंद्र २०२१ च्या कायद्याखाली नोंदलेलं आहे का, हे मात्र विचारा.

श्रोत्यांचे प्रश्न

*माझे मिस्टर जहाजावर असतात, वर्षातून तीनच महिने घरी. आमच्या बाबतीत ही गोळी उपयोगी आहे का?*

फार. तुमच्यासाठी तर हिशोब आणखी कडक आहे, कारण त्या तीन महिन्यांत कदाचित एकच बीज सुटत असेल. त्यांच्या सुट्टीआधी तुमच्या तपासण्या उरकून घ्या, पाळी आणायची गोळी अशी लावता येते की ते आल्यावर लगेच उपचाराची पाळी सुरू होईल. त्यांची वीर्यतपासणी मागच्या सुट्टीतच व्हायला हवी होती. आता आल्या आल्या करा.

*इनोसिटॉलच्या पुड्या मी आठ महिने घेतेय. चालू ठेवू का?*

त्याने नुकसान होण्याची शक्यता कमी आहे. फायद्याचा पुरावाही फारसा भक्कम नाही. पाळी सुधारली असेल तर चालू ठेवा. आठ महिन्यांत काहीच फरक नसेल, तर ते पैसे दुसरीकडे लावा, आणि पुड्या घेतेय म्हणजे उपचार चाललाय असं समजू नका.

*वजन कमी करायची नवी इंजेक्शनं आलीयत, ती घेऊन मग प्रयत्न केला तर?*

डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेऊ शकता, पण ती चालू असताना दिवस राहू द्यायचे नाहीत. सेमाग्लुटाइड दिवस राहण्याच्या किमान दोन महिने आधी थांबवायचं. गंमत अशी, की वजन उतरलं की न सुटणारं बीज अचानक सुटायला लागतं. ‘मला कुठे राहतात दिवस’ म्हणून बेफिकीर राहिलेल्या मुली तिथेच फसतात. तेवढे महिने निरोध वापरा. टिर्झेपॅटाइडच्या बाबतीत तर गर्भनिरोधक गोळीचा परिणामही कमी होऊ शकतो.

*मुलगी बावीस वर्षांची आहे. पाळी नियमित व्हावी म्हणून गर्भनिरोधक गोळ्या दिल्यात. पुढे मूल व्हायला त्याने अडचण येईल का?*

नाही. गोळ्या बंद केल्यावर मूळ पाळी जशी होती तशी परत येते. अनियमित होती तर अनियमितच येते, आणि मग दोष गोळीच्या माथी जातो. तिचं अस्तर साचू न देण्याचं काम त्या गोळ्या करतायत. आणि मूल होणार नाही म्हणून घाईने लग्न उरकू नका, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रश्नात होतं म्हणून सांगते.

*माझी सून पाच महिन्यांची गरोदर आहे, लेट्रोझोलने दिवस राहिले. म्हणजे तिचा पीसीओएस गेला ना?*

अभिनंदन! पण गेला नाही. गरोदरपणात अशा बायकांना साखर आणि रक्तदाब वाढण्याचा धोका जास्त असतो. सुरुवातीला साखर तपासली असेल, तरी चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात ती परत तपासून घ्या. डोहाळजेवणाच्या आधी केलीत तर उत्तम. बाळंतपणानंतर काहींची पाळी बरीच सुधारते, काहींची पहिल्यासारखीच राहते. दुसऱ्या मुलात अंतर हवं असेल तर बाळंतपणानंतरच्या तपासणीतच कॉपर-टी किंवा दुसऱ्या साधनाबद्दल विचारा. पहिल्या वेळी गोळ्या लागल्या म्हणून दुसऱ्या वेळीही लागतीलच असं नाही, आणि पहिलं बाळ वर्षाचंही नसताना परत दिवस राहिलेल्या पीसीओएसच्या आया माझ्याकडे येतात.